रेझिनच्या चमकत्या वस्तूत एलईडी बसवताना: कोणता थर आधी, कोणता नंतर

रेझिनमध्ये अंधारात चमकणारी पावडर आणि त्यातच एलईडी, असं काम करून पाहिलेल्यांची तक्रार बहुधा एकच असते. दिवा लावला की वस्तू धुक्यात अडकल्यासारखी दिसते आणि बंद केला की चमक दोन मिनिटांत विरते. साहित्य बहुतेक वेळा चांगलं असतं. चुकतो तो क्रम. सगळ्या रेझिनमध्ये पावडर कालवली जाते, त्यात एलईडी बुडवला जातो आणि दोघं एकमेकांच्या आड येतात.

एक गोष्ट आधी मनात पक्की करा. एलईडी चालू असताना पावडरीची चमक डोळ्यांना कळत नाही, कारण दिव्याचा उजेड तिच्या कितीतरी पट जास्त असतो. चमक दिसते ती दिवा बंद झाल्यावर. म्हणून मी एलईडीकडे पावडरीचा चार्जर म्हणून पाहतो. त्याचा उजेड पावडरीवर थेट पडला पाहिजे आणि आपल्याला दोन्ही समोरून दिसलं पाहिजे. खालची सगळी मांडणी यावरच उभी आहे.

उदाहरणासाठी ७ सेंटीमीटर व्यासाची आणि २ सेंटीमीटर जाडीची, टांगायची गोल चकती घेतली आहे. दुसरा आकार असेल तर आकडे बदलतील, क्रम तोच राहील.

## १. आधी कागदावर थर काढा

उघड्या साच्यात वस्तू पालथी ओतली जाते. साच्याच्या तळाशी जे असेल ते वस्तूचं तोंड होतं आणि सर्वांत शेवटी ओतलेला थर ही तिची पाठ. हे वाचायला सोपं वाटतं, पण ऐन ओतताना हमखास उलटं होतं. म्हणून चकतीचा आडवा छेद कागदावर काढा, त्यावर "तळ म्हणजे तोंड" असं मोठ्या अक्षरात लिहा आणि कागद साच्याशेजारी ठेवा.

थर ओतण्याच्या क्रमाने असे:

- तोंडाचा पारदर्शक थर, ४ मिलिमीटर
- एलईडी आणि त्यांना झाकणारा पारदर्शक थर, १० मिलिमीटर
- चमकत्या पावडरीचा थर, ३ मिलिमीटर
- पाठीचा पांढरा थर, ३ मिलिमीटर

पावडर मागे का? ती पुढे ठेवली तर एलईडीचा उजेड तिच्यातून गाळून येतो आणि दिव्याचे ठिपके नाहीसे होतात. सगळ्या रेझिनमध्ये मिसळली तर आतल्या कणांपर्यंत उजेडच पोचत नाही, कारण बाहेरचे कण तो अडवतात. ती पावडर वाया जाते. पातळ थर मागे आणि एलईडीचं तोंड त्या थराकडे असलं, की चालू असताना उजेड मागून परतून मऊ होऊन येतो आणि बंद केल्यावर सगळी पार्श्वभूमी हिरवी उजळते. पाठीचा पांढरा थर मागे जाणारी चमक पुढे परतवतो.

टांगायचं भोक कुठे पाडणार तेही आताच ठरवा. त्या जागेभोवती एक सेंटीमीटरच्या आत वायर किंवा एलईडी येऊ देऊ नका. तयार वस्तूला भोक पाडताना ड्रिलने वायर तुटली, तर दुरुस्तीला वाव राहत नाही.

## २. साहित्य निवडताना

पावडर. स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेटची घ्या. झिंक सल्फाइडची जुनी पावडर स्वस्त असते, पण तिची चमक फार लवकर ओसरते. हिरवी चमक सर्वांत उठून दिसते, त्याखालोखाल निळसर हिरवी. लाल, नारिंगी आणि जांभळ्या छटा बरणीत सुंदर दिसतात, पण अंधारात निराश करतात. स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेट पाण्याने बिघडतं, म्हणून बरणी घट्ट बंद ठेवा आणि ओला चमचा आत घालू नका.

एलईडीचा रंग. सर्वांत जास्त चुका इथे होतात. पावडर चार्ज होते ती अतिनील, जांभळ्या आणि निळ्या उजेडाने. हिरवी पावडर ५२० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश देते. तो देण्यासाठी तिला त्याहून कमी तरंगलांबीचा, म्हणजे जास्त ऊर्जेचा उजेड मिळावा लागतो. लाल किंवा पिवळा एलईडी रात्रभर चालू ठेवला तरी ती चार्ज होणार नाही. वॉर्म व्हाइटने, म्हणजे पिवळसर पांढऱ्याने, थोडीफार होते. कूल व्हाइट, म्हणजे निळसर पांढरा, चालतो, कारण त्याच्या आत मुळात निळाच एलईडी असतो. ३९५ ते ४०५ नॅनोमीटरचा अतिनील एलईडी सर्वांत झटपट चार्ज करतो. तरीही मी तो रेझिनमध्ये गाडत नाही, कारण एपॉक्सी त्या उजेडाने पिवळं पडत जातं आणि असा दिवा जवळून बघत राहणं डोळ्यांना चांगलं नाही. माझी निवड ४५० ते ४६५ नॅनोमीटरचा निळा किंवा कूल व्हाइट.

रेझिन. दोन भागांचं एपॉक्सी (रेझिन आणि ते घट्ट करणारा हार्डनर), तेही ओतकामाचं. अतिनील दिव्याखाली घट्ट होणारं रेझिन या कामाला चालत नाही. घट्ट व्हायला लागणारा उजेड पावडरच शोषून घेते, म्हणून वरून कडक झालेला थर आत चिकट राहतो. एका वेळी किती जाड थर ओतता येतो हे डब्यावर लिहिलेलं असतं. आपला सर्वांत जाड थर १० मिलिमीटरचा आहे, तेवढा त्या रेझिनला झेपतो ना, ते पाहून घ्या.

तपासणी: थोडी पावडर छोट्या पारदर्शक पिशवीत भरा. निवडलेला एलईडी एक सेंटीमीटरवर धरून पाच मिनिटं लावा. मग खोली पूर्ण अंधारी करून बघा. पिशवी ठळक चमकली तरच पुढे जा. इथे जे दिसेल त्याहून जास्त चमक रेझिनमध्ये कधीच मिळणार नाही.

## ३. वीजजोडणी

पहिला नियम: सेल रेझिनमध्ये गाडायचा नाही. बटण सेल नाही, लिथियम पॉलिमर बॅटरी तर मुळीच नाही. घट्ट होताना रेझिन तापतं आणि तापलेला लिथियम सेल फुगू शकतो. तसं झालं नाही तरी सेल संपला की वस्तू कायमची बंद. वायर बाहेर काढा आणि सेलची डबी वेगळी ठेवा.

या चकतीला ३ मिलिमीटरचे सहा एलईडी पुरतात. ते कडेने गोलाकार लावा, तोंडं आतल्या बाजूला आणि किंचित पाठीकडे. मधोमध लावले तर दिवा बंद झाल्यावर त्यांच्या आणि वायरींच्या काळ्या सावल्या चमकत्या पार्श्वभूमीवर उमटतात. कडेला लावले की त्या नजरेत येत नाहीत.

प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टर, म्हणजे प्रवाह मर्यादेत ठेवणारा भाग, द्या. सहाही एलईडी समांतर जोडून एकच रेझिस्टर लावला तर प्रत्येकातला बारीक फरक नडतो: एक जास्त प्रवाह ओढतो, दुसरा मंद राहतो. हिशोब असा. निळ्या किंवा पांढऱ्या एलईडीला साधारण ३.२ व्होल्ट लागतात. यूएसबीचे ५ व्होल्ट असतील तर उरले १.८. २२० ओहमचा रेझिस्टर लावला की सुमारे ८ मिलिअँपिअर प्रवाह मिळतो. दीड व्होल्टचे तीन सेल असतील तर उरतात १.३ व्होल्ट, तिथे १५० ओहम लावा.

२० मिलिअँपिअर का नाही? एलईडीला तेवढे चालतात हे खरं, पण रेझिन उष्णता बाहेर जाऊ देत नाही. बाजारातली बहुतेक हौशी रेझिन ५० ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतात. ८ मिलिअँपिअरला एक एलईडी जेमतेम अडीच शतांश वॅट ओढतो. तो तास न् तास चालू ठेवला तरी काळजी नाही. एक वॅटचे ताकदवान एलईडी रेझिनमध्ये घालूच नका.

बटण सेलवर सहा निळे एलईडी चालवायचा हट्ट धरू नका. सीआर २०३२ तीन व्होल्टचाच असतो आणि निळ्या एलईडीला तेवढे जेमतेम पुरतात. पहिल्या दिवशी बरे दिसतात, मग झपाट्याने मंदावतात.

सोल्डर करताना एलईडीच्या अंगापासून दोन-तीन मिलिमीटर लांब करा आणि सोल्डरिंग आयर्न तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका. लांब पाय धन, आणि कडेला सपाट केलेल्या बाजूचा पाय ऋण. पाय ताणून जोडू नका, किंचित वळण ठेवा. रेझिन तापतं, मग थंड होताना आकसतं, आणि ताणलेला सांधा तेव्हाच सुटतो.

आत जाणारी वायर एकतारी आणि बारीक, पाव मिलिमीटरच्या आसपासची घ्या. अनेक तारांच्या वायरीत आवरणाखाली हवा असते. रेझिन कोमट झालं की ती हवा तासभर बुडबुडे सोडत राहते. सिलिकॉनच्या आवरणाची वायरही टाळा. रेझिन सिलिकॉनला धरत नाही, त्यामुळे ती वायर आत सैल राहते आणि ओढली की सरकते. एकतारी वायर बाहेर वारंवार वाकली तर तुटते, म्हणून वस्तूबाहेर पडण्याआधीच तिला लवचीक वायर जोडा. तो सांधा पूर्ण सोल्डरने भरा आणि त्यावर हीट श्रिंक (उष्णतेने आकसणारी) नळी चढवा. नळीचा अर्धा भाग रेझिनमध्ये आणि अर्धा बाहेर राहील अशी ती ठेवा. वायर तुटते ती नेहमी बाहेर पडण्याच्या जागी, आणि तिथला ताण ही नळी घेते.

सोल्डरकाम जमत नसेल तर तांब्याच्या तारेवरची तयार एलईडी माळ वापरा. मात्र तारेवर लाखेचं अगदी पातळ आवरण असतं. कडक घडी घातली की ते तडकतं आणि दोन तारा एकमेकींना टेकल्या की माळ बंद पडते. ती सैल वळणांनीच वाकवा. तार बाहेर पडते तिथे तिलाही नळी चढवा.

सावधान: सोनेरी किंवा चांदीच्या वर्खाचे तुकडे आत घालणार असाल तर एकही उघडा सांधा ठेवू नका. वर्ख धातूचा असतो, त्यातून वीज वाहते.

## ४. रात्रभर चाचणी

जोडणी पूर्ण झाली की ती टेबलावर बारा तास चालू ठेवा. दोन मिनिटं लावून "चालतंय" म्हणणं म्हणजे चाचणी नव्हे. माझी एक सुंदर चकती अशाच घाईने गेली. सहापैकी एका एलईडीचा सांधा कच्चा होता आणि रेझिन आकसल्यावर तो सुटला. आत बघता येत होतं, पण हात घालता येत नव्हता.

बारा तासांनंतर चालू स्थितीतच प्रत्येक सांधा लाकडी काडीने हलकेच हलवा. एखादा दिवा लुकलुकला तर तो सांधा पुन्हा करा. शेवटी कापसावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन सांध्यांवरचा सोल्डरचा चिकट थर आणि बोटांचे डाग पुसून टाका. तेलकट जागेला रेझिन धरत नाही आणि तिथे चंदेरी पोकळी दिसते.

एक गोष्ट माहीत असू द्या. एलईडीचं घुमटासारखं तोंड भिंगाचं काम करतं ते हवेत. रेझिनमध्ये ते काम थांबतं, कारण घुमट आणि रेझिन दोन्हींचा अपवर्तनांक जवळपास सारखा, सुमारे १.५ असतो. झोत पसरतो. टेबलावर दिसलेला टोकदार किरण आत दिसला नाही तर एलईडी बिघडला असं समजू नका. आपल्या कामाला पसरलेला उजेडच हवा आहे.

## ५. जागा, साचा आणि अंगाची काळजी

खोली २१ ते २५ अंशांची आणि कोरडी असावी. दमट हवेत एपॉक्सीवर धुरकट, मेणचट थर येतो. रेझिनची बाटली थंड वाटली तर ती बंद पिशवीत घालून कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा आणि नंतर नीट पुसा. बुडबुडे कमी होतील. कामाचा वेळही कमी होईल, हे मात्र ध्यानात ठेवा.

साचा पाणसळ लावून दोन्ही दिशांनी सपाट करा. एरवी थोडा उतार खपतो, पण पावडरीच्या थरात खोल बाजूला जास्त पावडर बसते आणि चकती अर्धी उजळ, अर्धी फिकी होते. साच्यातली धूळ चिकटपट्टीने उचला. साच्यावर उलटा डबा झाकता येईल अशी जागा निवडा.

हातमोजे नायट्राइलचे वापरा. खिडकी उघडी ठेवा. सेंद्रिय वाफा अडवणारा मास्क असेल तर उत्तम. न घट्ट झालेलं एपॉक्सी वारंवार कातडीला लागलं तर अ‍ॅलर्जी होऊ शकते आणि एकदा झाली की ती सहसा जात नाही. कातडीला लागलंच तर साबण आणि पाण्याने धुवा, अ‍ॅसिटोनने नाही. पावडर मोजतानाही तोंड-नाक झाका, तिचे कण बारीक आणि कठीण असतात.

## ६. पहिला थर: तोंड

७ सेंटीमीटर व्यासाला थराच्या दर मिलिमीटरला साधारण सव्वाचार ग्रॅम रेझिन लागतं. म्हणजे ४ मिलिमीटरला १७ ग्रॅम. वजनकाटा ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा हवा. एवढ्या कमी वजनात हार्डनर अर्धा ग्रॅम इकडेतिकडे झाला तरी रेझिन चिकट राहू शकतं. डब्यावरचं प्रमाण वजनाचं आहे की आकारमानाचं, हे दोनदा वाचा. दोन्ही सारखी नसतात आणि चिकट रेझिनच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ इथेच असतं.

वीस ग्रॅमच्या खाली कालवू नका. जास्तीचं उरलं तर छोट्या साच्यात घाला.

तीन ते चार मिनिटं सावकाश ढवळा, कप तळाशी आणि कडेने खरवडत राहा. मग सगळं दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून पुन्हा एक मिनिट ढवळा. पहिल्या कपाच्या भिंतीला न मिसळलेलं रेझिन चिकटलेलं असतं. कप तसाच साच्यावर निथळायला ठेवला तर तेच आत येतं आणि वस्तूवर एक चिकट पट्टा राहतो.

बारीक धारेने ओता. वर आलेले बुडबुडे हीट गनच्या झटपट फटकाऱ्याने फोडा, एका जागी थांबू नका. आता झाकून ठेवा.

तपासणी: पुढचा थर कधी ओतायचा? हातमोजा घातलेलं बोट कडेला टेकवा. ठसा उमटला, पण हातमोज्याला रेझिन लागलं नाही, की वेळ आली. बहुतेक रेझिनना तीन ते सहा तास लागतात. या वेळेत ओतलेला थर आधीच्या थराशी एकजीव होतो. रात्र उलटून गेली असेल तर २२० ते ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा, अल्कोहोलने पुसा आणि मग ओता. ओरखडे दिसतील याची भीती नको, नवं रेझिन ते भरून टाकतं. मात्र दोन थरांमध्ये बोटाचा ठसा राहिला तर तो कायम दिसतो.

## ७. एलईडी मांडणं आणि दुसरा थर

आता घाई नको. पहिला थर गोंदपट्टीइतका चिकट आहे, एलईडी जागच्या जागी धरायला तेवढा पुरतो.

१. ४२ ग्रॅमचा हिशोब धरून थोडं जास्तच रेझिन कालवा.

२. ओतण्याआधी छोट्या ब्रशने प्रत्येक एलईडी, रेझिस्टर आणि सांध्याला पातळ लेप द्या. पायांच्या बेचक्यात अडकलेली हवा इथेच निघते, नंतर निघत नाही.

३. जोडणी कडेने मांडा. एलईडीची तोंडं आत आणि वर, म्हणजे पाठीकडे. पुन्हा कागद बघा: तळ म्हणजे तोंड.

४. भोकाची जागा मोकळी आहे ना, ते पाहा.

५. वायर कडेजवळून सरळ वर काढा आणि साच्यावर आडव्या ठेवलेल्या काडीला चिकटपट्टीने बांधा. ती वरून बाहेर पडत असल्यामुळे साच्याला भोक पाडावं लागत नाही. नळीचा खालचा भाग वरच्या दोन थरांत येईल अशी उंची जुळवा. रेझिनच्या आत वायरीला एक सैल वळसा ठेवा, म्हणजे बाहेरून ओढली तरी ताण सांध्यापर्यंत पोचत नाही.

६. वायर पाच सेकंद सेलला लावून सहाही दिवे मोजा. पाचच लागले तर अजून उशीर झालेला नाही, जोडणी उचला आणि दुरुस्त करा.

७. अर्धं रेझिन ओता, दहा मिनिटं थांबा, बुडबुडे फोडा, मग उरलेलं ओता. एकदम ओतलं तर एलईडी सरकतात.

रेझिन पातळ असताना दिवे चालू ठेवून बघत बसू नका. त्यांच्याभोवतीचं रेझिन आधी तापतं आणि बाकीच्यापेक्षा लवकर घट्ट होतं. पुढे तिथे कडा दिसते.

सावधान: कपात उरलेलं रेझिन तसंच सोडू नका. साचलेलं रेझिन स्वतःच्या उष्णतेने आणखी तापत जातं, कधी धूर निघेपर्यंत. ते पसरट, न जळणाऱ्या भांड्यात पातळ पसरून बाहेर ठेवा.

## ८. चमकता थर

दुसरा थर ठसा-तपासणीत उतरला की हा थर.

वीस-पंचवीस ग्रॅम रेझिन कालवा आणि पूर्ण ढवळून झाल्यावर त्यातलं १२ ग्रॅम वेगळ्या कपात मोजून घ्या. त्यात ३ ग्रॅम पावडर घाला. पावडर एकाच भागात आधी घालून मग दुसरा भाग ओतण्याचा शॉर्टकट करू नका, वजनाचा हिशोब बिघडतो. ढवळायला लाकडी किंवा सिलिकॉनची काडी घ्या. पावडर इतकी कठीण असते की स्टीलचा चमचा घासला जातो आणि त्याच्या करड्या कणांनी रंग मळतो.

कोणताही दुसरा रंग घालू नका. थोडासा गडद रंगही येणारा आणि जाणारा दोन्ही उजेड खातो.

ही पावडर रेझिनच्या तिपटीहून जड असते, त्यामुळे ती तळाशी बसणारच. बरेच जण तिला तरंगत ठेवण्यासाठी धडपडतात. आपल्या रचनेत तिचं बसणं फायद्याचं आहे: या थराचा तळ म्हणजे एलईडीकडची आणि बघणाऱ्याकडची बाजू. ती नेमकी हवी तिथे जाऊन बसते. फक्त ओतताना काडीवरून सावकाश, सगळीकडे सारखं पसरेल असं ओता. एकाच जागी ओतलं तर तिथे ढीग होतो आणि पुढून पांढरट डाग दिसतो.

ज्यांना पावडर सर्वत्र सारखी पसरलेली हवी आहे, उदाहरणार्थ गोळ्यात, त्यांनी रेझिन मधाइतकं दाट होईपर्यंत थांबून पावडर मिसळावी. गोळ्यात एलईडीभोवती आधी पारदर्शक रेझिनचा छोटा गाभा ओतून घ्यावा आणि चमकतं रेझिन त्याच्या बाहेर यावं.

तपासणी: थर घट्ट व्हायला लागला की दिवा एक मिनिट लावा, बंद करा आणि अंधार करून वरून बघा. चमक एखाद्या बाजूला फिकी असेल तर पाठीचा पांढरा थर ओतण्याआधी तिथे ब्रशने थोडं चमकतं रेझिन लावता येतं. ही शेवटची संधी.

## ९. पाठीचा थर

१३ ग्रॅम रेझिनमध्ये रेझिनसाठीच बनवलेला पांढरा रंग घाला, वजनाने पाच टक्क्यांपेक्षा जास्त नको. पाण्याचा रंग वापरू नका, त्यातलं पाणी रेझिन नीट घट्ट होऊ देत नाही. ओतून झाल्यावर वायर जिथून वर येते तिथे रेझिन थोडं चढलेलं दिसेल. ते तसंच राहू द्या, तो आधार आहे.

झाकून २४ तास हलवू नका.

## १०. साच्यातून काढणं, भोक आणि घासकाम

साच्याच्या कडा आधी सगळीकडून सोडवा आणि मग तळातून ढकला. वायर धरून ओढू नका, एवढ्या कामानंतर वायर तुटते ती बहुधा या क्षणी. २४ तासांनी वस्तू हातात घेण्याइतकी कडक होते, पूर्ण पक्की व्हायला रेझिनप्रमाणे तीन ते सात दिवस जातात. भोक आणि घासकाम त्यानंतर.

भोक ठरवलेल्या जागी, मंद वेगाने, मधे मधे थांबत पाडा. वेगाने पाडलं तर रेझिन वितळून ड्रिलला चिकटतं. घासकाम ओलं करा, धूळ उडत नाही. कडेला पावडरीचा थर उघडा पडतो आणि पावडरीला पाणी मानवत नाही. म्हणून घासून झाल्यावर लगेच पुसा, पूर्ण वाळू द्या आणि कडेवर पारदर्शक रेझिनचा पातळ हात फिरवा. भोकाच्या आतूनही. घासायच्या भानगडीत पुढचं तोंड धुरकट करू नका. गुळगुळीत साच्यातून ते चकचकीतच निघतं.

सेलची डबी स्क्रूने बंद होणारी घ्या. लहान मुलं असलेल्या घरात बटण सेलची उघडी डबी नकोच. गिळलेला बटण सेल दोन तासांत अन्ननलिकेला गंभीर भाजू शकतो. तशी शंका जरी आली तरी वाट न पाहता रुग्णालयात न्यायचं.

## ११. चार्ज कसं करायचं

दिवे दहा-पंधरा मिनिटं लावा आणि बंद करा. त्याहून जास्त वेळ लावल्याने चमक फारशी वाढत नाही, पावडर तेवढ्यात भरते. पहिली काही मिनिटं चमक ठळक असते, मग झपाट्याने उतरते आणि त्यानंतर मंद स्वरूपात तासन् तास राहते. ती मंद चमक दिसायला डोळ्यांनाही अंधाराची सवय व्हावी लागते, त्याला वीस ते तीस मिनिटं जातात. उजेडातून अंधाऱ्या खोलीत येऊन लगेच "चमकत नाही" असा निकाल देऊ नका.

## बिघडलंच तर

चमक आहे पण लवकर विरते: एलईडीचा रंग तपासा, मग पावडरीचं प्रमाण. तयार वस्तू पाच मिनिटं उन्हात धरा. उन्हाने छान चमकली तर पावडर चांगली आहे, एलईडी चुकीचा निवडला गेला.

पृष्ठभाग चिकट आहे: आठवडाभर कोरड्या, उबदार जागी थांबा. तरीही चिकट असेल तर चिकट भाग अल्कोहोलने पुसून नीट मोजलेल्या रेझिनचा नवा पातळ थर द्या. आतपर्यंत मऊ असेल तर ते वाचत नाही.

एलईडीभोवती चंदेरी कडा दिसते: तिथे रेझिन सुटलं आहे, बहुधा तेलकट डागामुळे. आता काही करता येत नाही, पण उजेडावर परिणाम होत नाही.

एखादा दिवा मेला: समांतर जोडणी असल्यामुळे बाकीचे चालतात. सहाच्या सहा बंद असतील तर आधी बाहेरची वायर, डबी आणि सेल मल्टिमीटरने तपासा. दोष बहुतेक वेळा नळीच्या बाहेरच सापडतो. तो नळीच्या तोंडाशीच असेल तर पाठीचं रेझिन तेवढ्या जागी दोन-तीन मिलिमीटर कोरून वायरीचं टोक मोकळं करा, नवी वायर सोल्डर करा, खड्डा पांढऱ्या रेझिनने भरा.